खोखे मोजले, शिसं कोण मोजणार?

बंगळुरूला पोस्टिंग झालं म्हटलं की कोर्समेट आधी हवेचं कौतुक करतात आणि मग ट्रॅफिकची भीती घालतात. दोन्ही खरं आहे. छावणीत क्वार्टर मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही के. आर. पुरमला भाड्याचं घर घेतलं. कृष्णराजपुरम हे पूर्ण नाव आता फक्त कागदावर. शहराच्या पूर्व टोकाला, ओल्ड मद्रास रोडवर, रेल्वे लाइनीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं हे उपनगर आहे. केबलांनी तोललेला पूल, ज्याला इथं सगळे हँगिंग ब्रिज म्हणतात. त्याच्याजवळ रेल्वे स्टेशन, डिझेल लोको शेड, अलीकडे टिन फॅक्टरीचा चौक. शेजारच्या दूरवाणीनगरात आय.टी.आय., म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज. १९४८ साली सुरू झालेला हा कारखाना स्वतंत्र भारतातल्या अगदी पहिल्या सरकारी उद्योगांपैकी एक. आपल्या घरात पूर्वी जो काळा, जडशीळ फोन असायचा, तो बऱ्याचदा इथून आलेला असे. पुढे व्हाइटफील्डच्या काचेच्या इमारती सुरू होतात. ऑक्टोबर २०२३ पासून मेट्रो थेट जोडली गेली आणि भाडी वाढली, एवढंच इथले जुने लोक सांगतात.

या भागात धातूचा वास आहे. रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत शिरलं की पत्रे, तारा, मोटारी, कॉम्प्रेसर, बॅटऱ्या यांचे ढीग लागतात. त्या ढिगांकडे मी लक्ष देऊन बघितलं ते आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या कर्नलसाहेबांमुळे.

साहेब निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली. मूळचे कोडगूचे. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या ज्या मातीतले, त्याच मातीतले. कोडव माणसाच्या घरी बंदूक ही देवघरातल्या वस्तूसारखी असते. सप्टेंबरात त्यांचा कैलपोद हा सण येतो. आपली खंडेनवमी तशीच ती. शस्त्रं काढायची, पुसायची, फुलं वाहायची, आणि मग झाडाला उंच बांधलेल्या नारळावर नेम धरायचा. साहेबांच्या गावच्या वडिलोपार्जित घरात आजोबांची ठासणीची बंदूक आहे. तिच्याबरोबरचा गोळ्या ओतायचा साचा मात्र इथं फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात. दिसायला पकडीसारखा. दोन्ही पाती मिटली की आत एक गोल पोकळी, आणि वरून शिसं ओतायला एक भोक.

एका रविवारी साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "मला दीड-दोन किलो शिसं हवंय. चांगलं, मऊ. नातवाला दाखवायचंय आमचे आजोबा गोळ्या कशा ओतायचे ते. भंगारवाल्याकडे मिळेल ना?"

नातू सहा वर्षांचा. तो साच्याची पाती उघडमीट करत तिथंच बसला होता.

साहेबांची इच्छा मला परकी वाटली नाही. माझं आजोळ सिंधुदुर्गातलं. तिथं शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारी घरं आजही आहेत. रानडुक्कर आणि वानर यांच्यापासून भात आणि बागायत राखायची तर तेवढाच आधार. जुनी माणसं जाळ्याला लावायचं शिसं लोखंडी पळीत घेऊन चुलीवर धरायची. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं. तांब्याला हजाराच्या वर लागतात, लोखंडाला पंधराशेच्या वर. म्हणून तांब्या-लोखंडाला भट्टी हवी, शिशाला घरची चूल पुरते. गोळी घरी ओतण्याचा सगळा इतिहास या एका आकड्यावर उभा आहे.

आणखी एक गंमत. आपण 'बारा बोर' म्हणतो, तो बारा कशाचा? एक पाउंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोरची नळी. एक गोळी साधारण ३८ ग्रॅमची. म्हणजे बंदुकीच्या नळीचं मापच मुळात शिशाच्या वजनावरून आलं. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसची फौज कोलार-होसकोटेच्या बाजूनं बंगळुरूच्या किल्ल्यावर चालून आली. त्या फौजेच्या मस्केटची गोळी पाउंडाला साधारण चौदा पडायची. पुढे परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके त्याला येऊन मिळाले. त्या काळातल्या प्रत्येक फौजेबरोबर शिशाच्या विटा, पळ्या आणि साचे चालत असणार, हे उघड आहे.

साहेबांना मी आधी कायद्याची बाजू सांगितली. वयानं आणि हुद्द्यानं ते मोठे, पण ऐकून घेतलं. आर्म्स ॲक्ट १९५९ मधून कोडव समाजाला आणि जम्मा जमिनीच्या धारकांना जी सूट आहे, ती ब्रिटिश काळापासूनची. २०१९ साली केंद्र सरकारनं ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली. पण ती सूट कलम ३ आणि ४ मधली, म्हणजे बंदूक बाळगण्याची. दारूगोळा बनवण्याचा परवाना कलम ५ मध्ये येतो. आणि कायद्यातल्या 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही धरलेली आहेत. म्हणून बंदुकीच्या सुटीच्या जोरावर घरात गोळी ओतता येत नाही. फ्लॅट तर फ्लॅट, गावच्या घरातही नाही.

साहेब म्हणाले, "मग गोळी नको. नुसतं शिसं वितळवून दाखवू. वजनं करू, गळाची. त्याला तर परवाना लागत नाही?"

त्याला लागत नाही. म्हणून आम्ही दोघं निघालो.

दुकान एका हवालदारसाहेबांचं. बेळगावजवळचे. मराठा लाइट इन्फंट्रीत सेवा केली, निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरच्या लोकांबरोबर बंगळुरूला आले आणि भंगाराच्या धंद्यात स्थिरावले. माझी ओळख भाषेवरून झाली होती. त्यांच्या मराठीत कन्नडचा हेल आहे, आणि काट्यावर माल चढवताना ते अजून सावधान उभे राहतात. कर्नलसाहेबांना बघून त्यांनी आधी कडक 'राम राम, साहेब' केलं आणि मग दोन स्टुलं पुसून पुढे सरकवली.

कर्नलसाहेबांनी मागणी सांगितली. हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी वितळवणार काय साहेब? घरात लहान पोरगं हाय?"

हो म्हटल्यावर ते आत गेले आणि एक मोठी जाड वही घेऊन आले. आपल्या कोतमधल्या रजिस्टरसारखी, रेघा मारलेली. तारीख, कुठून आलं, काय आलं, वजन, कुणाला गेलं, पावती क्रमांक. शेवटच्या रकान्यात सही. लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम यांच्यासाठी साधी वही होती. ही वही फक्त शिशाची.

त्यांनी आम्हाला शिशाची वर्गवारी समजावून दिली. के. आर. पुरमला शिसं येतं ते चार-पाच वाटांनी. जुन्या टेलिफोन केबलचं शिशाचं वेष्टण, हे सगळ्यांत शुद्ध आणि मऊ, पण आता क्वचित. गाड्यांच्या चाकांना लावायची बॅलन्सिंगची वजनं. त्यात अँटिमनी मिसळलेलं, म्हणून कडक, आणि हल्ली त्यांच्यात जस्ताची आणि लोखंडाची वजनं मिसळलेली येतात, ती वेचून काढावी लागतात. जुन्या इलेक्ट्रॉनिक कामातलं डागाचं कथील, म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. दवाखान्यांच्या एक्स-रे खोल्यांतून निघालेले पत्रे. आणि या सगळ्यांना गिळून उरेल एवढा एकच माल: बॅटऱ्या.

"व्हाइटफील्डकडं बघा की साहेब. एकेका बिल्डिंगखाली यू.पी.एस.च्या बॅटऱ्यांची रांग. घराघरात इन्व्हर्टर. रिक्षा बॅटरीवर चालायला लागली. दोन-चार वर्षांत बॅटरी मरती. मेली की कुठं जाती? इथं."

बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त वाटा शिशाचा असतो. विकत घेताना ती विजेची वस्तू असते, विकताना मात्र ती शिशाच्या भावानं जाते. तिच्यासाठी गिऱ्हाईक दोन प्रकारचं. पहिलं, नोंदणी असलेला कारखाना. तो अख्खी बॅटरी घेतो, आम्ल सांडलेलं चालत नाही, कागद मागतो, पैसे खात्यात आणि उशिरा. दुसरं, अंधार पडल्यावर टेम्पो घेऊन येणारा माणूस. तो किलोमागं चार पैसे जास्त देतो, रोख देतो आणि नाव विचारत नाही. त्याची भट्टी शहराबाहेर निलगिरीच्या झाडीत असते. कोयत्यानं बॅटरी फोडायची, आम्ल जमिनीत सोडायचं, प्लेटा कढईत टाकायच्या. वर जी राखाडी मळी येते ती झाऱ्यानं काढून बाजूला फेकायची. सकाळपर्यंत विटा तयार. या कामावर २००१ पासून नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्यानं आणि जास्त कडक झाले. पण झाडीतल्या भट्टीला नियमांचं पुस्तक कोण वाचून दाखवणार?

कर्नलसाहेबांना हवं होतं तसं स्वस्त शिसं त्या टेम्पोवाल्याकडून विटेच्या रूपात परत येतं. हवालदारसाहेबांनी ते ठेवणं बंद केलं आहे. का, तेही त्यांनी सांगितलं.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ अशीच भट्टी चालवायचा. तीन वर्षं चांगले पैसे आले. घर बांधलं, मोटारसायकल घेतली. मग पोटात कळा येऊ लागल्या. बद्धकोष्ठ, भूक नाही, तोंडाला चव नाही. गावठी औषधं झाली, देव झाले. एक दिवस त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. उजव्या हाताचं मनगट उचललं जाईना, पंजा खाली लोंबायला लागला. हे दुखणं डॉक्टरी पुस्तकांत फार जुनं आहे. शिशाचं काम करणाऱ्या रंगाऱ्यांमध्ये आणि ओतकाम करणाऱ्यांमध्ये ते शेकडो वर्षं दिसत आलंय.

डॉक्टरनं विचारलं, घरात लहान कोण? चार वर्षांची मुलगी होती. ती भट्टीवर कधी गेली नव्हती. बाप संध्याकाळी त्याच कपड्यांत येऊन तिला कडेवर घ्यायचा, एवढंच. तिचं रक्त तपासलं तेव्हा शिसं डेसिलिटरला ३१ मायक्रोग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ च्या वर गेलं की ते कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. शिसं शरीरातून ओढून काढायचं औषध मुलांना साधारण ४५ च्या पुढे देतात. मधल्या मुलांसाठी औषध म्हणजे फक्त शिशापासून लांब ठेवणं, लोह-कॅल्शियमचा आहार आणि वाट बघणं.

"भट्टी मोडली, साहेब. मेहुण्याचा हात निम्मा-शिम्मा परत आला. पोरगी आता शाळेत जाती. पण अक्षर लागत नाही तिला. मास्तर म्हणतात लक्ष नाही. ते लक्ष कुठं गेलं ते मला ठाऊक हाय. ज्या प्लेटा तिच्या बापानं वितळवल्या, त्यातल्या कितीतरी माझ्या काट्यावरनं गेल्या होत्या. तवापासून ही वही."

कर्नलसाहेब बराच वेळ वहीची पानं उलटत होते.

घरी येऊन मी या विषयावर जरा वाचलं. या शहराचं शिशाशी नातं दोन्ही बाजूंनी आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. तुप्पिल व्यंकटेश यांनी देशात शिशाच्या विषबाधेचा विषय लावून धरला तो इथूनच. १९९९ साली त्यावरची आंतरराष्ट्रीय परिषदही बंगळुरूलाच झाली. वर्षभरात, २००० साली, देशातल्या पेट्रोलमधून शिसं हद्दपार झालं. घरगुती रंगांसाठी २०१७ पासून मर्यादा आली. तरीही २०२० मध्ये युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी जो अहवाल काढला, त्यात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणून बॅटऱ्यांच्या अशा भट्ट्यांकडे अहवाल बोट दाखवतो. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट वाटा लहान मूल शोषून घेतं, आणि शरीर ते कॅल्शियम समजून हाडांत साठवतं.

आपल्या भाषेत तर शिशाची फसवाफसवी आधीपासूनच आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. आणि ज्याला आपण बिनधास्त हात लावतो, त्या पारंपरिक शेंदरात ते असतं. शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड.

आता आपल्या, म्हणजे फौजेच्या घरातली गोष्ट. ज्यांनी वर्दी घातली आहे त्यांना पुढचं वाक्य झोपेतही म्हणता येईल. फायरिंग संपलं, हत्यारं तपासली, की प्रत्येक जवान सावधान होऊन सांगतो, "श्रीमान, मेरे पास कोई जिंदा राउंड या खाली खोखा नहीं है." खोखा म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं पितळी टरफल. जेवढे राउंड दिले तेवढे खोखे परत आले पाहिजेत. मी लेफ्टनंट असताना एका रेंजवर एक खोखा कमी भरला. अख्खी कंपनी टॉर्च घेऊन गवतात रांगत होती. रात्री साडेनऊला तो एका ढेकळाखाली सापडला, आणि मगच लंगरला जाता आलं. तेव्हा राग आला होता. पण त्या शिस्तीचा अर्थ पक्का आहे: एकही वस्तू हिशेबाबाहेर जाता कामा नये, कारण हिशेबाबाहेर गेलेली वस्तू कुणाच्या तरी घरात जाते.

पितळ मोजलं जातं. गोळीचं काय? ती बटच्या मातीत जाते. जुन्या ७.६२ एस.एल.आर.ची गोळी नऊ ग्रॅमच्या वर भरायची. वर तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि आत शिशाचा गाभा. शंभर जवानांनी वीस-वीस राउंड झाडले की अठरा किलोच्या वर धातू मातीत गेला, आणि त्यातला बराचसा शिसं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, वरणगावचा १९६४ पासूनचा. तिथून निघालेल्या प्रत्येक पेटीचा कागद असतो. तो कागद बटच्या भिंतीशी संपतो.

तिथून पुढे रेंजजवळच्या गावांतले गरीब लोक सुरू होतात. बट उकरून शिसं काढणारे, आणि तोफांच्या रेंजवर तुकडे वेचणारे. तोफेच्या रेंजवरचा एक न फुटलेला गोळा काय करतो हे तोफखान्यातल्या वाचकांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. हवालदारसाहेबांच्या दुकानात लष्करी माल पाहताक्षणी परत जातो. वजन करायलाही ते हात लावत नाहीत.

कर्नलसाहेबांनी शिसं घेतलं नाही. साचा त्यांनी तेलात पुसून पुन्हा कपाटात ठेवला, आता कुलूप लावून. नातवाला त्यांनी गव्हाच्या पिठाची गोळी साच्यात दाबून काढून दाखवली. बारीक शेपटी असलेली, गोल, हुबेहूब. पोरगं खूश. बारा गोळ्या एका रांगेत मांडून त्यानं आजोबांना विचारलं, याला बोर का म्हणतात? आजोबांनी स्वयंपाकघरातला काटा आणला. कैलपोदला साहेब गावी जाऊन आले. नारळ पाडला म्हणाले, पहिल्या की तिसऱ्या राउंडला ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्या एकत्र करून हवालदारसाहेबांच्या टेम्पोत चढवल्या. सोळा निघाल्या. दुसरीकडे दिल्या असत्या तर जास्त पैसे आले असते, असं मीटिंगमध्ये दोघांनी सांगितलं. कर्नलसाहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी फक्त त्या मुलीचं वय सांगितलं. पुढे चर्चा झाली नाही.

युनिटमध्ये आम्ही एक साधा बदल केला आहे. फायरिंगनंतरचा चहा आता फायरिंग पॉइंटजवळ मिळत नाही. आधी पाण्याचा टँकर आणि साबण, मग चहा. काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं, ते हाताला आणि बाहीला बसतं. बट पार्टीची वर्दी वेगळी धुतली जाते. जवान आधी हसले, आता सवयीनं हात पुढे करतात.

निवृत्त बंधूंना एवढंच सांगणं. घरी जुना साचा असेल तर तो नातवंडांना दाखवा, त्याची गोष्ट सांगा, पण चूल पेटवू नका. क्लबच्या रेंजवरून आलात तर नातवंडाला उचलण्याआधी हात धुवा आणि शर्ट बदला. बॅटरी विकताना पावती मागा, आणि न देणाऱ्याला विकू नका. पावतीपायी शे-दोनशे रुपये कमी येतील.

परवा हवालदारसाहेबांकडे गेलो होतो तेव्हा आमच्या सोळा बॅटऱ्यांची ओळ त्यांनी वहीत उघडून दाखवली. तारीख, वजन, कारखान्याची पावती, शेवटी सही. मग वही मिटून, नकळत टाचा जुळवून ते म्हणाले, "सोळा आल्या, सोळा गेल्या. एक बी शॉर्ट न्हाई, साहेब."